पॉलिमर क्लेच्या दागिन्यांची गावातली कार्यशाळा : घडवणे शिकवले, भाजणे राहिले

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या आमच्या गावी यंदाच्या मे महिन्यात ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघाच्या, पुढाकाराने पॉलिमर क्लेचे दागिने शिकवणारी आठवडाभराची कार्यशाळा भरली. नागपूरचा एक खासगी प्रशिक्षण वर्ग ती घेण्यासाठी आला होता. शुल्क माणशी बाराशे रुपये होते, त्यापैकी निम्मे ग्रामसंघाने भरले आणि साहित्याचा संच त्यातच धरलेला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यानुभव शिकवून निवृत्त झालेली असल्यामुळे गटातल्या महिलांनी मलाही सोबत ओढले, आणि मी त्यांच्याच पंगतीत बसून लाटत, कापत आणि भाजत होते. वर्गाचे नाव येथे देत नाही. तक्रारी त्यांना लेखी कळवल्या आहेत, आणि असे वर्ग हल्ली गावोगावी फिरत असल्यामुळे ते बोलावण्यापूर्वी काय विचारून घ्यावे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. माझे मत आधीच नोंदवते : हाताचे कौशल्य शिकवण्यात हा वर्ग फार चांगला होता, परंतु या कामाचा जीव ज्या भाजण्यात आहे, तो भाग त्यांनी शेवटच्या दुपारी घाईघाईने उरकला, आणि तोही शहरातल्या विजेच्या भरवशावर.

सुरुवात जाहिरातीपासूनच करावी लागेल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फलकावर ‘मातीचे पर्यावरणपूरक दागिने’ असे ठळक छापलेले होते, त्यामुळे अर्ध्याअधिक जणी कुंभाराच्या मातीची, भट्टीत भाजलेल्या टेराकोटाची कल्पना करून आल्या होत्या. पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. नळाचे पाइप ज्याचे असतात त्या पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य, रंग आणि थोडा भराव असे हे मिश्रण आहे. ते उघड्यावर ठेवले तरी चिकणमातीसारखे वाळत नाही. ठरावीक उष्णता मिळाल्यावर भुकटीचे कण ते तेलकट द्रव्य शोषून एकमेकांत मिसळतात आणि वस्तू कायमची घट्ट होते. पहिल्याच सकाळी एका आजींनी क्लेची वडी नाकाशी धरली आणि विचारले, “मॅडम, हे त पिलाष्टिकच हाय ना वं?” प्रशिक्षिकेने ते तिथल्या तिथे मान्य केले, हा तिचा प्रामाणिकपणा, फलक मात्र आठवडाभर तसाच राहिला. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि जिथे ग्रामोद्योगांसाठी १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले गेले, तिथे पीव्हीसीला माती म्हणून खपवणे मला तरी पटत नाही. प्लॅस्टिकचा दागिना करण्यात काही कमीपणा नाही. तो हलका असतो, पाण्याने खराब होत नाही आणि पडला तरी सहसा फुटत नाही. विकताना गिऱ्हाइकाला खरे सांगता आले पाहिजे, इतकेच.

प्रशिक्षिका पंचविशी-तिशीची, हाताने अत्यंत सफाईदार आणि बोलण्यात आदबशीर होती. वडीलधाऱ्या बायकांना ती काकू, मावशी म्हणे; बायका तिला मॅडमच म्हणत. या साहित्याचा इतिहासही तिने रंगवून सांगितला. जर्मनीत बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या केटे क्रूझे यांच्या मुलीने हे साहित्य आकाराला आणले, १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेले, आणि ‘फिमो’ या नावाने मिळणारी ती क्ले आज पेन्सिलींमुळे आपल्या ओळखीच्या असलेल्या स्टेडलरची आहे, ही माहिती ऐकताना बायकांनी हातातले काम थांबवले नाही, पण कान तिकडेच होते.

मळण्याचा धडा तिने घाई न करता दिला. वडी कितीही मऊ वाटली तरी ती हातात दाबून, लांबवून, दुमडून पुन्हा लाटल्याशिवाय कामाला घ्यायची नाही. तसे न केल्यास भाजल्यावर कडा तडकतात. दुमडलेली घडी पास्ता मशीनमधून, म्हणजे दोन रुळांमध्ये दाबून लाटणाऱ्या हातयंत्रातून, काढताना घडीची बाजू आधी आत घालायची, म्हणजे हवा मागच्या बाजूने निघून जाते आणि पुढे भाजताना फोड येत नाहीत. आमच्या पंगतीला मशीन एकच असल्यामुळे बहुतेक वेळ हातानेच काम चालले, आणि ते एका अर्थी बरेच झाले, कारण घरी मशीन कोणाकडेच असणार नाही. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून मधोमध रोलर फिरवला की क्लेचा पत्रा एकसारखा लाटला जातो, ही तिची युक्ती मला फार आवडली. कार्यानुभवाच्या तासाला इतकी वर्षे पुठ्ठा आणि कागदकाम शिकवूनही ही सोय मला सुचली नव्हती.

या कार्यशाळेतला सर्वांत कसदार भाग म्हणजे मिलेफिओरी पद्धतीची केन. काचकामातून आलेली ही पद्धत अशी, की वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या आणि कांड्या एकत्र रचून एक जाड दांडा करायचा, ज्याच्या आडव्या कापात चित्र दिसते. मग तो दांडा दाबत, लांबवत बारीक केला तरी आतले चित्र तसेच राहते, फक्त लहान होते. प्रशिक्षिकेने त्यासाठी लिंबाची चकती निवडली होती. पारदर्शक क्लेमध्ये थोडा पिवळा मिसळून एक कांडी करायची, तिला पांढऱ्या क्लेचा कागदासारखा पातळ थर गुंडाळायचा, ती लांबवून तिचे सारखे आठ तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची एक कड चिमटीत धरून थेंबाचा आकार द्यायचा आणि ते आठही थेंब टोके आत करून गोल रचायचे. बाहेरच्या खाचांमध्ये पांढऱ्या क्लेच्या बारीक वाती भरायच्या, वर पांढरा थर आणि त्यावर पिवळी साल. दांडा मधून दाबत दोन्ही टोकांकडे सरकायचे. टोकांकडून सुरुवात केली तर मधला भाग जाड राहतो आणि चित्र वाकडे होते.

आमचा भाग संत्र्यांचा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी ते पिकते नागपूरच्या काटोल-नरखेडात, अमरावतीच्या वरुड-मोर्शीत आणि इकडे आमच्या कारंजा-आष्टी-आर्वीत. त्यामुळे पिवळ्याऐवजी नारंगी रंग घेण्याची सूचना लगेच आली आणि प्रशिक्षिकेने ती हसत मान्य केली. पण दांडा कापून पहिली चकती समोर ठेवल्यावर बगिच्यात तोडाईला जाणारी एक जण म्हणाली, “हे लिंबूच झालं मॅडम, रंग बदलला म्हून का संत्रं होते? आमच्या संत्र्याची साल अशी चिपकून रायते का?” तिचे निरीक्षण अगदी नेमके होते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फोडी दहा-अकरा निघतात आणि मधोमध पोकळी असते. दुसऱ्या दिवशी तिनेच दहा थेंबांची केन रचली, मध्ये विणकामाची बारीक सुई ठेवून पोकळी राखली आणि पांढरा थर मुद्दाम कुठे जाड, कुठे पातळ ठेवला. त्या चकतीकडे पाहून कोणीही लिंबू म्हटले नसते. प्रशिक्षिकेने तिचा फोटो काढून घेतला आणि पुढच्या वर्गात हीच केन शिकवण्याची परवानगी मागितली, हे मला विशेष नोंदवावेसे वाटते. त्याआधी तिच्या नमुन्यांमध्ये डोनट, डेझीची फुले आणि केकचे तुकडेच होते. त्यानंतर मात्र कापसाचे फुटलेले बोंड, पळसाचे वाकडे फूल आणि तान्हा पोळ्याचा बैल असे नमुने बायकांनीच पुढे आणले. बैलाची शिंगे भाजताना लवली, बोंड उत्तम जमले.

आता उन्हाळ्याविषयी. शेतीची कामे उरकलेली असतात म्हणून मे महिना निवडला गेला, हे समजण्यासारखे आहे. परंतु विदर्भातल्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात असताना पॉलिमर क्ले हाताळणे म्हणजे लोण्याची शेवई वळण्यासारखे आहे. दुपारी बारानंतर केन कापायला घेतली की पात्याखाली चित्र चेपले जाई. प्रशिक्षिकेचा उपाय फ्रिजचा होता, आणि आमच्या समाजमंदिरात फ्रिज नाही. शेवटी बायकांनी केन पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून, डब्यात घालून तो डबा माठाच्या ओल्या फडक्याखाली ठेवला आणि तासाभरात पाते सरळ चालू लागले. ती आत गुंडाळलेली असणे आवश्यक आहे, कारण क्लेमध्ये ओलावा मिसळला तर भाजताना पृष्ठभागाखाली पांढरट डाग उठतात. फारच मऊ झालेली क्ले दोन पांढऱ्या कागदांमध्ये दाबून थोडा वेळ ठेवावी, कागद जास्तीचे तेल ओढून घेतो, ही युक्ती प्रशिक्षिकेने दिली आणि ती लागू पडली. कूलरचा त्रास वेगळाच. कूलरच्या वाऱ्याबरोबर धूळ आणि कापसाचे तंतू उडतात, आणि पांढऱ्या क्लेवर बसलेला एकही तंतू नंतर निघत नाही. पांढरे काम सकाळी, हात धुऊन, सर्वांत आधी करावे आणि लाल-काळे रंग शेवटी घ्यावेत, हे वेळापत्रकातच असायला हवे होते. वर्ग दहा ते चार असा न ठेवता सकाळी सात ते अकरा ठेवला असता, तर निम्मा त्रास वाचला असता. त्याहून चांगला काळ म्हणजे पोळा झाल्यानंतर कापसाची वेचणी सुरू होईपर्यंतचे दिवस. तेव्हा उकाडा उतरलेला असतो आणि तयार झालेला माल नवरात्र-दिवाळीला विकायला हाताशी येतो.

भाजण्याचा विषय शेवटच्या दिवशी जेवणानंतर निघाला. गावातली एक जण ओटीजीवर, म्हणजे विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनवर, केक आणि नानखटाई करून विकते. तिचाच ओव्हन मागून आणला गेला. इथे माझी पहिली हरकत. अन्नासाठी वापरला जाणारा ओव्हन, ताट किंवा लाटणे क्लेसाठी वापरू नये, आणि क्लेसाठी वापरलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, हा या कामाचा पहिला नियम आहे. प्रशिक्षिकेने तो लाटण्याच्या बाबतीत पाळायला सांगितला आणि ओव्हनच्या बाबतीत ‘एकदा चालते’ म्हणून सोडून दिला. निदान अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलची झाकलेली पेटी करून तिच्यात दागिने ठेवता आले असते. त्याने ओव्हनचे आतले अंगही वाचते आणि वरच्या तापलेल्या कांडीची थेट आच दागिन्यांना लागून ते करपतही नाहीत.

दुसरी हरकत अधिक मोठी. ही क्ले किती अंशांवर भाजायची, हे कंपनीप्रमाणे बदलते. काहींच्या पाकिटावर ११० अंश सेल्सिअसला तीस मिनिटे असे असते, तर काहींना १३० ते १३५ अंश लागतात आणि दर सहा मिलिमीटर जाडीला तीस मिनिटे धरावी लागतात. आमच्या संचातली क्ले मोठ्या वड्यांमधून कापून, नुसत्या पारदर्शक कागदात गुंडाळून दिलेली होती. तिच्यावर कंपनीचे नाव नव्हते की तापमान नव्हते. प्रशिक्षिकेने बटण १३० वर फिरवले, घड्याळ लावले आणि बायकांना वहीत ‘१३० अंश, ३० मिनिटे’ असे उतरवून घ्यायला सांगितले. मी ओव्हनचा थर्मामीटर सोबत नेला होता. बटणावर १३० असताना मधल्या जाळीवरचा काटा कधी १०५ वर, तर कधी १५५ वर दिसत होता. स्वस्तातल्या ओटीजीचे असेच असते. कांड्या पूर्ण पेटतात, मग पूर्ण विझतात, आणि सरासरी ठीक असली तरी वरच्या टोकाला दागिन्याची कड करपते. पीव्हीसी जास्त तापून काळे पडू लागले की हायड्रोजन क्लोराइडचा बोचरा वायू सुटतो. तसा वास आल्यास ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. ते कोणत्याच दिवशी सांगितले गेले नाही.

त्यात वीज. भर दुपारी घरोघरचे कूलर चालू असताना आमच्याकडे दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरतो. तापणाऱ्या कांडीची उष्णता दाबाच्या वर्गाच्या (गणितातल्या स्क्वेअरच्या) प्रमाणात कमी होत असल्याने, १८० व्होल्टवर ती जेमतेम साठ टक्के उरते. म्हणजे जो ओव्हन नागपुरात दहा मिनिटांत तापतो, तो इथे बराच जास्त वेळ घेतो. आणि तीस मिनिटांची गणती बटण फिरवल्यापासून केली तर दागिना त्यातला मोठा वेळ कोमटातच बसून असतो. गणती थर्मामीटरचा काटा जागेवर आल्यापासून करायची, हे एक वाक्य वहीत असते तर पुढचा घोळ झाला नसता. घोळ असा, की विसाव्या मिनिटाला वीज गेली, प्रशिक्षिकेला परतीची बस गाठायची होती, आणि तिने अर्धे भाजलेले दागिने ‘आता वाया गेले’ म्हणून बाजूला काढायला सांगितले. ते वाया गेलेले नव्हते. पॉलिमर क्ले कितीही वेळा पुन्हा भाजता येते. वीज आल्यावर गणती नव्याने सुरू करायची, एवढेच. संध्याकाळी उशिरा वीज आली तेव्हा आम्ही तेच केले आणि एकही नग टाकावा लागला नाही.

दागिना नीट भाजला गेला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही, आणि हीच या कामातली खरी अडचण आहे. कमी भाजलेली बाळीही थंड झाल्यावर घट्ट लागते, नखाने ओरखडा उठत नाही, रंग तसाच दिसतो. ती मोडते महिन्याभराने, गिऱ्हाइकाच्या हातात, आणि मोडल्यावर आतून बिस्किटासारखी भुसभुशीत निघते. त्यासाठी प्रत्येक घाण्यासोबत त्याच क्लेची, दोन मिलिमीटर जाडीची बोटभर पट्टी भाजावी. पूर्ण थंड झाल्यावर ती वाकवून पाहावी. वाकून परत सरळ झाली तर घाणा पक्का, कट्‍कन मोडली तर सगळे नग पुन्हा आत. आमच्या पहिल्या घाण्याची पट्टी मोडली होती. कार्यशाळेतून घरी नेलेले दागिने त्याच घाण्यातले असते आणि ते तसेच विकले गेले असते, तर गटाचे नाव तालुक्यात पुन्हा कोणी घेतले नसते.

बायकांनी विचारलेले प्रश्न याहून नेमके होते, आणि त्यांना उत्तरे मिळायला हवी होती. ओटीजी नसेल तर पाण्यात उकळून चालेल का, या प्रश्नाला प्रशिक्षिकेने नाही म्हटले, ते बरोबर; पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. पण कढईत मीठ तापवून झाकण ठेवून जसा केक करतात, तसे करता येईल का, आणि सौर पेटी चालेल का, हे दोन्ही प्रश्न तिने हसण्यावारी नेले. माझ्या मते ते हसण्यासारखे नव्हते. कढईत तळाशी उष्णता फार आणि वर कमी अशी स्थिती असते, तरी मिठाच्या थरावर फरशीचा तुकडा, त्यावर दागिने आणि झाकणाखाली थर्मामीटर ठेवून मंद आचेवर लहान घाणा काढता येतो. ती कढई मात्र कायमची या कामाला सोडावी लागते. सौर पेटी कडक उन्हात हव्या त्या तापमानापर्यंत पोहोचू शकते, पण ढग आला की उतरते, त्यामुळे तिच्या भरवशावर विक्रीचा माल काढू नये. दोन्हीकडे थर्मामीटर लागतोच. तो तीनशे-चारशे रुपयांना मिळतो आणि बाराशे रुपयांच्या संचात नव्हता. चकाकीची भुकटी आणि फुलांचे साचे मात्र होते.

घासणे आणि चकाकी यांवर फार लिहिण्याचे कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर ४०० पासून १००० नंबरपर्यंत चढत्या क्रमाने, पाण्यात बुडवून वापरायचा आणि शेवटी जीन्सच्या तुकड्यावर घासायचे, हे तिने व्यवस्थित करून घेतले. एका ठिकाणी ती चुकली. चमक आणण्यासाठी तिने पारदर्शक नेलपॉलिश लावायला सांगितले. नेलपॉलिशमधील द्रावक क्लेशी हळूहळू लढत राहतात आणि वरचा थर काही आठवड्यांनी चिकट होतो. आमच्या काही जणींचे झुमके प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटून बसले ते त्यामुळेच. पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक वॉर्निश वापरावे, नाही तर नुसते घासून सोडावे. कानातल्याच्या दांड्या आणि हुकांबद्दल इतकेच, की संचातले हुक हलक्या धातूचे होते आणि दोघींचे कान चिघळले. निकेलची बाधा होणाऱ्यांची संख्या कमी नसते; स्टेनलेस स्टीलचे हुक थोडे महाग पडले तरी तेच घ्यावेत.

पैशांचा हिशेब हा कार्यशाळेचा सर्वांत कच्चा भाग होता, आणि तो कच्चा असल्याने बायकांच्या अपेक्षा अवास्तव वाढल्या. फळ्यावर मांडणी अशी होती : एका जोडीला खर्च वीस रुपये, विक्री दोनशे, नफा एकशे ऐंशी. आम्हाला मिळालेल्या भावाने ५७ ग्रॅमची चांगली वडी सुमारे दोनशे ऐंशी रुपयांना पडते, म्हणजे ग्रॅमला साधारण पाच रुपये. प्रशिक्षिकेने शिकवलेल्या मोठ्या लोंबत्या जोडीला आठ ग्रॅम क्ले लागते, तिचे चाळीस; स्टीलचे हुक आणि कड्या आठ, पुठ्ठ्याचे कार्ड आणि पाकीट सहा, विजेचे चार. हे झाले अठ्ठावन्न रुपये, त्यात केनची वाकडी निघालेली टोके आणि मोडतोड धरलेली नाही, आणि पाऊण तासाची मजुरीही नाही. आठवडी बाजारात कारखान्यातले कानातले वीस-तीस रुपयांना मिळतात. तिथे दोनशेची जोडी कोणी हातात घेऊन पाहणारही नाही. याउलट संत्र्याच्या चकतीची लहान कुडी तीन ग्रॅममध्ये होते. तिचा क्लेचा खर्च पंधरा, दांडी पाच, कार्ड सहा आणि वीज दोन, असे अठ्ठावीस रुपये धरले आणि ती सत्तर-ऐंशीला विकली, तरी हाताला काही उरते, शिवाय एका केनमधून अशा चकत्या भराभर निघत असल्याने वेळही कमी लागतो. केनची खराब टोके फेकू नयेत. ती एकत्र मळून मण्यांच्या आत भरावीत आणि वरून चांगल्या रंगाचा थर द्यावा. हे शेवटचे प्रशिक्षिकेनेच सांगितले होते, फक्त त्याचा संबंध खर्चाशी जोडला नव्हता.

बाजार आठवडी बाजारात नाही, हे एकदा मान्य केले की वाट दिसते. उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची सरस प्रदर्शने, सेवाग्रामला येणारे पाहुणे आणि जिल्ह्यातल्याच बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारे पर्यटक यांना इथल्या संत्र्याची आणि बोंडाची कुडी घ्यावीशी वाटेल. डोनटची त्यांना त्यांच्या शहरातच मिळते. आमच्या गटाने डोनट आणि केकचे साचे बाजूला ठेवले आहेत. कार्यशाळेच्या शेवटी मिळालेले रंगीत प्रमाणपत्र घरात लावायला छान आहे. ज्यांना पुढे कर्ज काढून व्यवसाय करायचा आहे, त्यांनी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करावी; तिथले प्रशिक्षण निःशुल्क असते आणि बँकेशी जोडलेले असते.

मग हा वर्ग बोलवावा का? ज्या गावात पंधरा-वीस जणी हाताने बारीक काम करू शकतात आणि ग्रामसंघ निम्मे शुल्क भरतो, तिथे मी बोलवा असेच म्हणेन, कारण केन रचण्याचे इतके स्वच्छ शिक्षण गावात बसून मिळणे सोपे नाही. मात्र करार करतानाच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. भाजणे दुसऱ्या दिवसापासून रोज झाले पाहिजे, म्हणजे चुका वर्ग चालू असतानाच दिसतील. ओव्हन वर्गाने आणावा आणि तो स्वयंपाकाचा नसावा. संचात थर्मामीटर आणि स्टीलचे हुक असावेत, साचे नसले तरी चालतील. फलकावर काय छापायचे ते ग्रामसंघाने ठरवावे. आमच्या पत्राला उत्तर देताना वर्गाने थर्मामीटरची आणि रोजच्या भाजणीची सूचना मान्य केली आहे. वेळ सकाळची करण्याबाबत ते म्हणतात की नागपूरहून इतक्या लवकर पोहोचणे जमणार नाही. मुक्कामाची सोय गावाने केली तर जमेल, असे आम्ही कळवले आहे.

आणि क्ले मूळ पाकिटातच घ्यावी. सुटी, कापलेली वडी स्वस्त पडत असली तरी घेऊ नये. पाकीट हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहावे. दाबल्यावर वडी लवली पाहिजे. ती विटेसारखी टणक लागली, तर उन्हात उभ्या राहिलेल्या मालगाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात ती आधीच अर्धवट शिजलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशी वडी कितीही मळली तरी तिचा चुरा होतो. घरी आणल्यावर उरलेली क्ले पॉलिथिनमध्ये गुंडाळून, तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेल्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकच्या, डब्यात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी. कडक पारदर्शक डबे आणि पॉलिश केलेले लाकूड टाळावे, कारण कच्ची क्ले त्यांना चिकटून त्यांचा पृष्ठभाग खाते.